करंगळीलाच का करंट लागला?

पार्ले स्टेशनवरून आम्ही रिक्षानं जुहू चौपाटीला निघालो होतो. कूपर रुग्णालय मागे पडलं आणि रिक्षा एका खड्ड्यात धाडकन आदळली. माझ्या भाचीचं कोपर कडेच्या लोखंडी दांड्यावर आपटलं.

"आई गं!" ती ओरडली. पण गंमत बघा, तिनं कोपर धरलंच नाही. तिनं धरली करंगळी!

भाची सहावीत आहे, चिपळूणहून दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे आली होती. हात झटकत झटकत तिनं विचारलं, "मावशी, आपटलं कोपर. मग करंट करंगळीला का लागला? अंगठ्याला का नाही लागला?"

मी डॉक्टर आहे, आणि मेंदू आणि मज्जातंतू हे माझं रोजचं काम. इतका सुंदर प्रश्न मला फार दिवसांत कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "आधी डोळे मीट. झिणझिण्या नेमक्या कुठे आल्यात ते सांग. घाई करू नकोस."

तिनं डोळे मिटले. "करंगळीत. सगळ्या करंगळीत. आणि तिच्या शेजारच्या बोटात, अनामिकेत. पण मावशी, अनामिका सगळी नाही गं. करंगळीकडची अर्धीच!"

शाब्बास! ही अर्ध्या बोटाची गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे आपण परत येणार आहोत. डॉक्टर हात तपासतात तेव्हा अशा अर्ध्या बोटावरूनच बिघाड कुठे आहे ते शोधून काढतात.

चौपाटीवर आम्ही ओल्या वाळूपाशी बैठक मारली. मी काडीनं वाळूत एक लांब रेघ ओढली आणि म्हटलं, "ही आपली पश्चिम रेल्वे. या टोकाला चर्चगेट, म्हणजे तुझा मेंदू. त्या टोकाला विरार, म्हणजे तुझे पाय. मधला हा लोहमार्ग म्हणजे पाठीच्या कण्यातून खाली जाणारा मज्जारज्जू. आता सांग, जुहूला स्टेशन आहे का?"

"नाही. म्हणून तर रिक्षानं आलो!"

अगदी तसंच आपल्या हाताचं आहे. मज्जारज्जू हातात शिरतच नाही. हाताकडे जाणारे निरोप मानेत उतरतात आणि पुढचा प्रवास वेगळ्या रस्त्यांनी करतात. हे निरोप उतरतात ती स्टेशनं किती? पाच! मानेतल्या मज्जातंतूंच्या पाचव्या, सहाव्या, सातव्या आणि आठव्या जोडीची चार, आणि मानेखाली छातीच्या भागातल्या पहिल्या जोडीचं एक. मी वाळूत पाच शिंपले ठेवले आणि त्यांना नावं दिली: वांद्रे, खार, सांताक्रूझ, पार्ले, अंधेरी. (मानेत मणके सातच असतात, जिराफाच्या मानेतसुद्धा सातच. पण मज्जातंतूंच्या जोड्या मात्र आठ. पहिली जोडी पहिल्या मणक्याच्या वरून बाहेर पडते आणि आठवी सातव्याच्या खालून. कागदावर सात चौकोन काढून त्यांच्या वर, खाली आणि मध्ये रेघा मारून पाहा, आठ भरतात.)

प्रत्येक स्टेशनाचा आपला आपला मुलूख असतो. अंगठ्याच्या कातडीची खबर खारला पोहोचते, मधल्या बोटाची सांताक्रूझला, करंगळीची पार्ल्याला. पण स्टेशनातून बाहेर पडले की हे पाचही मज्जातंतू मानेच्या बाजूला आणि काखेजवळ एकमेकांत मिसळतात, पुन्हा वेगळे होतात, पुन्हा मिसळतात. एस. व्ही. रोड, लिंक रोड आणि गल्ल्याबोळांचा नकाशा डोळ्यांसमोर आणा, साधारण तसंच जाळं. त्यातून हातासाठी तीन मोठे रस्ते निघतात. त्यांची नावं मीडियन, अल्नर आणि रेडियल.

यातला अल्नर मज्जातंतू कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या एका खोबणीतून जातो. बाकी बहुतेक ठिकाणी मज्जातंतू मांसाच्या गादीखाली सुखरूप असतात. इथे मात्र त्याच्यावर जवळजवळ नुसती कातडीच. स्वतःचं कोपर वाकवा आणि आतल्या बाजूच्या टोकदार हाडामागे हलकेच बोट फिरवा. दोरीसारखं काहीतरी सरकतं, तोच तो. जोरात दाबू नका. त्याच्यावर फटका बसला की तो मेंदूला ओरडून सांगतो. आणि हा तंतू करंगळी आणि अर्धी अनामिका यांचीच खबर आणतो, म्हणून मेंदूला वाटतं की करंगळीलाच काहीतरी झालं. दांडा लागला कोपराला, ओरडली करंगळी!

आता ते अर्धं बोट. समजा, कुणाची करंगळी कायमच बधिर झाली आहे. बिघाड पार्ले स्टेशनात आहे, म्हणजे मानेत, की पुढच्या रस्त्यावर, म्हणजे कोपरात? दोन्हीकडच्या बिघाडानं करंगळी बधिर होऊ शकते. मग डॉक्टर अनामिकेच्या दोन्ही बाजूंना कापूस टेकवून पाहतात. करंगळीकडची अर्धी बाजू बधिर आणि मधल्या बोटाकडची शाबूत असेल, तर बिघाड बहुधा अल्नरच्या रस्त्यावर आहे. कारण उरलेली अर्धी अनामिका मीडियन मज्जातंतूकडे असते. बिघाड मानेत असेल तर एवढी सरळ रेघ बोटाच्या मधोमध सहसा पडत नाही. बोटभर जागेत कापूस टेकवला आणि हातभर लांबचा बिघाड सापडला. शिकत असताना हे पहिल्यांदा स्वतः करून पाहिलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

"मग सगळा हात तपासायला किती वेळ लागतो?" भाचीनं विचारलं.

"दहा-पंधरा मिनिटं. चल, तुझाच तपासते."

पहिली पायरी म्हणजे नुसतं बघणं. हात लावायचा नाही. दोन्ही दंड सारखे भरलेले आहेत का? अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसाचा उंचवटा एका हाताचा खपाटीला गेला आहे का? बोटं थरथरतात का? मनगट लोंबतं का? एखादा माणूस खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून तासन् तास झोपून गेला तर सकाळी त्याचं मनगट वर उचलत नाही, कारण दंडाच्या हाडाला लागून जाणारा रेडियल मज्जातंतू दाबला गेलेला असतो. बहुतेक वेळा तो काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ववत होतो. असा माणूस दारातून आत येतानाच निम्मं निदान होऊन जातं.

मग मी तिचा हात सैल सोडायला सांगितला आणि कोपरात, मनगटात हळूच वाकवून पाहिला. काही आजारांत हात ओल्या फडक्यासारखा ढिला लागतो, काहींत आखडलेला.

मग ताकद. "पंखांसारखे हात वर कर, मी खाली दाबते. सोडू नकोस!" हे वांद्रे स्टेशनचं काम. "कोपर वाकव, मी सरळ करते. आता कोपर सरळ कर, मी वाकवते." हे दुसरं मुख्यतः सांताक्रूझचं. ताकदीला गुण मिळतात, शून्य ते पाच. स्नायू जराही हलला नाही तर ०. नुसता फडफडला तर १. हात आडवा सरकतो पण वजन पेलून वर उचलता येत नाही, तर २. उचलता येतो पण कुणी दाबलं की पडतो, तर ३. थोडा दाब सोसतो तर ४. आणि पूर्ण ताकद असेल तर ५. ही मोजपट्टी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली छापली. मज्जातंतूंना जखमा झालेल्या सैनिकांसाठी ती हवी होती. आज जुहूतल्या दवाखान्यातही तीच वापरतात, कारण एका डॉक्टरांनी "३" लिहिलं की दुसऱ्या डॉक्टरांना त्या हाताचं चित्र लगेच डोळ्यांसमोर येतं.

एवढ्यात भेळ आली. भेळ संपली आणि मी रिकाम्या पुड्याचा कागद उलगडला. "अंगठा आणि तर्जनीची कड यांच्यामध्ये हा धर. मी ओढते." तिनं घट्ट धरला. आमची चांगलीच रस्सीखेच झाली. कागद फाटला, पण सुटला नाही.

ही परीक्षा फ्रान्सच्या झूल फ्रोमां नावाच्या डॉक्टरांची. पहिल्या महायुद्धातले जखमी सैनिक तपासताना, १९१५ मध्ये, त्यांनी ती सांगितली. सैनिकाला ते वर्तमानपत्र दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढायला लावत. अल्नर मज्जातंतू शाबूत असेल तर अंगठा सरळ राहतो. तो दुखावला असेल तर अंगठ्याला जवळ ओढणारा स्नायू कामाला येत नाही. मग अंगठा काय करतो? मीडियनच्या ताब्यातला दुसरा स्नायू मदतीला घेतो आणि अंगठ्याचं टोक वाकवून कागद पकडतो. डॉक्टर कागदाकडे बघतच नाहीत. त्यांचं लक्ष असतं ते अंगठ्याच्या पेराकडे. म्हणजे दांड्यावर आपटलेल्या त्याच तंतूची ही दुसरी परीक्षा. करंगळीनं सांगितलेलं खरं आहे का, ते अंगठ्याला विचारायचं.

इथे मला थोडं थांबून एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. आपल्या महाराष्ट्रात या अल्नर मज्जातंतूला सगळ्यात जास्त बोटं कुणी लावली असतील, तर कुष्ठरोगाचं काम करणाऱ्या डॉक्टरांनी आणि आरोग्यसेवकांनी. कुष्ठरोगाचे जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधले. हे जंतू कातडीत आणि मज्जातंतूंत घर करतात, आणि कोपरामागचा हा तंतू त्यांच्या आवडत्या जागांपैकी एक. तो जाड होतो, बोटांना दोरखंडासारखा लागतो. मग करंगळी बधिर होते, वाकडी होते. बधिर हाताला तवा भाजलेला कळत नाही, काटा रुतलेला कळत नाही. जखमा चिघळत जातात. बोटं झडतात ती आजारानं थेट नाही, तर दुखण्याची खबर मेंदूपर्यंत पोहोचत नाही म्हणून.

मुंबईत वडाळ्याला अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे, ते १८९० सालचं. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये आनंदवन उभं केलं. आणि गावोगावचे आरोग्यसेवक जी तपासणी करतात तिला साधं बॉलपेन पुरतं. डोळे मिटायला सांगायचे, पेनाचं टोक हाताच्या ठरलेल्या जागांवर हलकेच टेकवायचं आणि विचारायचं, कुठे लागलं, बोट ठेवून दाखवा. मग तीन हालचाली. करंगळी बाहेर काढा, ही अल्नरची. अंगठा आकाशाकडे उचला, ही मीडियनची. मनगट वर करा, ही रेडियलची. तीन हालचालींत तीन रस्ते तपासून झाले! वेळेत सापडला तर कुष्ठरोग ६ ते १२ महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. सरकारी दवाखान्यात या गोळ्या फुकट मिळतात. कुणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्या जागी स्पर्श कळत नसेल, तर लाजायचं नाही, लपवायचं नाही. दवाखान्यात जायचं, बस्स.

"मावशी, तुझ्या पर्समध्ये हातोडी आहे?" भाचीची नजर मोठी तीक्ष्ण.

आहेच. छोटी, रबराच्या डोक्याची. तिची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ऑस्ट्रियात लिओपोल्ड आउएनब्रुगर नावाचे डॉक्टर होते. त्यांचे वडील खाणावळ चालवत. पिंपात दारू किती उरली आहे हे बाहेरून टकटक करून ओळखायचं, हे मुलानं लहानपणी पाहिलं होतं. मोठेपणी त्यानं रुग्णांच्या छातीवर तशीच टकटक केली आणि १७६१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे टकटक करायला हातोड्या आल्या. मग १८७५ मध्ये जर्मनीतल्या दोन डॉक्टरांनी, एर्ब आणि वेस्टफाल यांनी, एकाच वर्षी जाहीर केलं की गुडघ्याखाली टक केलं की पाय आपोआप उडतो. छातीवरची हातोडी गुडघ्यावर आली, तिथून कोपरावर, मनगटावर. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या रुग्णालयात मिस विंटल नावाच्या परिचारिका होत्या. त्या बांबूच्या काडीला पितळी चकती आणि तिच्याभोवती रबर लावून हातोड्या बनवत आणि तिथल्या डॉक्टरांना विकत. तशाच आकाराची हातोडी आज जगभर वापरतात.

मी भाचीचा हात तिच्या मांडीवर सैल ठेवला. कोपराच्या पुढच्या बाजूला, जिथे दंडाच्या बेटकुळीची दोरीसारखी कंडरा लागते, तिथे माझा अंगठा ठेवला आणि अंगठ्यावर हातोडी टाकली. टक! तिचा हात टुणकन उडाला.

"मी नाही हलवला!" ती किंचाळली.

खरंच तिनं नाही हलवला. कंडरेला टक बसली, बेटकुळीचा स्नायू क्षणभर ताणला गेला. ती खबर वांद्रे-खार स्टेशनांत गेली आणि तिथूनच हुकूम सुटला, "आवळ!" हुकूम सुटायला चर्चगेटच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाही. मेंदूला कळलं ते नंतर. हीच प्रतिक्षिप्त क्रिया. कोपराच्या मागे, वरच्या बाजूला टक केलं तर हात सरळ होतो, आणि तो हुकूम सुटतो मुख्यतः सांताक्रूझहून. म्हणजे हातोडीच्या दोन टकांनी कोणतं स्टेशन चालू आहे आणि कोणतं बंद, हे कळतं.

आता त्याहून नवलाची गोष्ट. स्टेशनाचा रस्ता तुटला तर हात उडत नाही, हे ठीकच. पण बिघाड चर्चगेटला असेल, म्हणजे मेंदूत, किंवा चर्चगेट आणि वांद्रे यांच्यामध्ये असेल, तर? तर काही दिवसांनी हात नेहमीपेक्षा जास्तच जोरात उडायला लागतो! वर्गातून बाई बाहेर गेल्या की काय होतं, आठवा. मेंदू एरवी या स्टेशनांना सारखा दटावत असतो, "हळू, हळू." दटावणारा निरोप पोहोचेनासा झाला की स्टेशनं मोकाट सुटतात. म्हणून उडी कमी झाली तर बिघाड जवळ, वाढली तर बिघाड वर. आणि हात अगदी ठणठणीत, पण दोन्ही पाय आखडलेले असतील तर? भाचीनं वाळूतल्या रेघेवर बोट ठेवलं, "मग अंधेरीच्या पुढे, विरारच्या बाजूला!" बरोबर. मानेच्या खाली, पाठीत. असा तर्क वैद्यकीय कॉलेजातली मुलं करायला शिकतात. हिला पाच शिंपल्यांनी शिकवला.

हे निरोप धावतात तरी किती वेगानं? जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर पहिल्यांदा हा वेग मोजला, सेकंदाला २७ मीटरच्या आसपास. तोवर पुष्कळ विद्वानांना वाटे की हा वेग मोजताच येणार नाही, इतका तो अफाट असणार. माणसाच्या हातात तो सेकंदाला ५० ते ६० मीटर असतो, म्हणजे ताशी सुमारे २०० किलोमीटर. चौपाटीपासून जवळच जुहूचा विमानतळ आहे, १९२८ मध्ये सुरू झालेला. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादमार्गे येऊन, आपलं इवलंसं पस मॉथ विमान इथेच उतरवलं. ते विमान ताशी साधारण १६० किलोमीटरनं उडायचं. तुमच्या करंगळीची डाक टाटांच्या टपालापेक्षाही वेगानं जाते! कोपरापासून मानेपर्यंत यायला तिला सेकंदाचा शंभरावा भागसुद्धा पुरतो.

बोटांना किती बारीक कळतं, हे मोजायचा खेळ तुम्ही घरी खेळू शकता. केसांची यू-आकाराची आकडी घ्या, टोकं बोथट हवीत. समोरच्याला डोळे मिटायला सांगा. दोन्ही टोकं एकदम त्याच्या तर्जनीच्या टोकाला हलकेच टेकवा. त्याला दोन टोकं कळतात की एकच? आकडी दाबून टोकं जवळ आणत जा. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटर अंतर असलं तरी दोन टोकं कळतात. हातावर मनगटाच्या वर हाच खेळ केला तर चांगलं तीन-चार सेंटिमीटर अंतर असूनही एकच टोक वाटतं. जर्मनीच्या एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्ये सगळ्या अंगाचं असं मोजमाप छापलं. आमच्याकडे भाचीची तर्जनी जिंकली आणि तिची पाठ सपशेल हरली.

याचं एक मोठं कारण मेंदूत आहे. कॅनडातल्या माँट्रियलचे शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णाच्या मेंदूला अगदी सौम्य विजेचा स्पर्श करत आणि विचारत, काय वाटलं? (मेंदूला स्वतःला दुखत नाही.) कुणी म्हणे अंगठ्याला मुंग्या आल्या, कुणी म्हणे ओठाला. त्यावरून १९३७ मध्ये त्यांनी मेंदूवरचा शरीराचा नकाशा छापला. त्यात हात आणि ओठ यांना एवढी मोठी जागा आणि पाठीला एवढीशी! त्या नकाशाप्रमाणे आम्ही ओल्या वाळूत माणूस केला. हात सुपाएवढे, अंगठा वांग्याएवढा, ओठ फुगलेले, पाठ चिमूटभर. आजूबाजूची चार-पाच मुलं धावत आली. त्यांनी विचारलं, "हा राक्षस कोण?" भाची म्हणाली, "ही मी आहे. माझ्या मेंदूला मी अशी दिसते."

मी तिला डोळे मिटायला लावले आणि तळहातावर एकेक वस्तू ठेवली. रुपयाचं नाणं, शिंपला, चिंचोका, किल्ली. चारही तिनं चटकन ओळखल्या. यात नुसती कातडी कामाला येत नाही. कातडीनं आणलेल्या खबरा जुळवून "ही किल्ली" असं म्हणायला मेंदूच लागतो. कधी कधी माणसाला स्पर्श छान कळतो, पण खिशातली किल्ली हातानं ओळखता येत नाही. अशा वेळी आम्ही हात सोडून मेंदूकडे बघायला लागतो. जुहू कोळीवाड्यात जाळं विणणारी माणसं बघा. बोलता बोलता, जाळ्याकडे न बघता, त्यांची बोटं गाठ मारतात. आपलं कोणतं बोट आत्ता कुठे आहे, किती वाकलेलं आहे, ही खबर प्रत्येक सांध्यातून मेंदूला अखंड जात असते. तीही तपासतात. डोळे मिटून सांगायचं, मी तुझं बोट वर केलं की खाली? शिवाय सेकंदाला १२८ वेळा थरथरणारा नादकाटा बोटाच्या हाडावर टेकवतात आणि विचारतात, गुणगुण कळते का?

राहिला लहान मेंदू. तो डोक्याच्या मागे, मोठ्या मेंदूखाली असतो आणि हालचालींना सफाई देतो. माझ्या बोटाला तुझ्या बोटानं शिव, मग तुझ्या नाकाला, पुन्हा माझ्या बोटाला. लहान मेंदू बिघडलेला असेल तर बोट नाकाशी पोहोचता पोहोचता डगमगतं, कधी गालावरच जातं. दुसरी परीक्षा आपडी-थापडीसारखी. एका तळहातावर दुसरा हात उलटा, सुलटा, उलटा, सुलटा, भराभर. हे जमेनासं झालं की त्याला डिस्डायडोकोकायनेशिया म्हणतात. भाचीनं तो शब्द तीन वेळा म्हणून पाठ केला.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नोशीर वाडिया नावाचे मोठे मेंदूविकारतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे अशीच काही कुटुंबं यायची. चालताना तोल जाई, हात थरथरत. लहान मेंदूचा आजार, एवढं कुणीही म्हटलं असतं. वाडियांनी आणखी बारकाईनं पाहिलं. या माणसांचे डोळे इकडून तिकडे बघताना फार सावकाश फिरत होते. बाकी कुणी त्याला महत्त्व दिलं नसतं. १९७१ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी 'ब्रेन' या नियतकालिकात लिहिलं की हा वेगळा, घराण्यात उतरणारा आजार आहे. तेव्हा भारतात ना सीटी स्कॅन होता, ना एमआरआय. २५ वर्षांनी, १९९६ मध्ये, शास्त्रज्ञांना या प्रकारच्या आजाराचं जनुक सापडलं. वाडियांना २०१२ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्यांनी केलं काय होतं? नीट, शांतपणे, थकून न जाता बघितलं होतं. आज आमच्या हाताशी मोठमोठी यंत्रं आहेत आणि ती हवीतच. पण यंत्रात मान घालायची, कोपर घालायचं की डोकं, हे आधी हातोडी आणि कापूसच सांगतात.

सूर्य समुद्राला टेकला होता. शेवटची एक परीक्षा उरली होती आणि ती मी भाचीला माझ्यावर करायला लावली. दोन्ही हात समोर, खांद्याच्या उंचीवर, तळवे वर, तीर्थ घ्यायला पसरतो तसे. डोळे मिटायचे आणि दहा सेकंद थांबायचं. दोन्ही हात तिथेच राहिले तर उत्तम. एक तळवा आत वळायला लागला आणि तो हात खाली घसरायला लागला, तर त्या हाताला मेंदूकडून हुकूम कमी मिळतोय. आणि मेंदूचे रस्ते एकमेकांना ओलांडून जातात, म्हणून उजवा हात घसरला तर बिघाड मेंदूच्या डाव्या बाजूला.

हातोडी घेऊन कुणाला ठोकत बसू नका, टाचणी तर मुळीच नको. पण ही शेवटची परीक्षा तुम्हाला आलीच पाहिजे. घरात आजी-आजोबांचं तोंड अचानक एका बाजूला वाकडं झालं, बोलणं अडखळायला लागलं, तर त्यांना हसायला सांगा आणि दोन्ही हात असे समोर धरायला सांगा. यांतली एक गोष्ट जरी बिघडलेली दिसली, तरी मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असू शकते. ती विरघळवण्याचं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. झोपून बरं वाटेल म्हणून थांबायचं नाही. पाणीही पाजायचं नाही, ठसका लागू शकतो. घड्याळात किती वाजले ते कागदावर लिहा, मोठ्यांना हाक मारा आणि १०८ ला फोन लावा.